वाचक विचारतात : पोटातलं बिऱ्हाड

मागच्या अंकात लघवीच्या कल्चर रिपोर्टवर मी चार ओळी लिहिल्या आणि त्यात 'प्लाझ्मिड' हा शब्द न उलगडताच पुढे गेले. बत्तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, पण ही खोड काही गेली नाही. पत्रांचा गठ्ठा आला. परभणीत सध्या अकरानंतर दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही, त्यामुळे कूलरसमोर बसून सगळी वाचली. सहा निवडली आहेत. नावं छापत नाही, गाव तेवढं देते.

गंगाखेडहून एक सूनबाई : सासरे एकोणऐंशी वर्षांचे आहेत. उभ्या जन्मात तापाच्या गोळीपलीकडे औषध घेतलं नाही. आता कल्चरमध्ये ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू आला आणि अकरा औषधांपैकी आठांपुढे 'आर', म्हणजे औषध लागू पडत नाही. जी इंजेक्शनं त्यांनी कधी घेतलीच नाहीत, त्यांना त्यांच्या पोटातले जंतू सरावले कसे?

ताई, आधी 'सरावले' हा शब्द बाजूला काढू या. माणूस मिरचीला सरावतो तसा जिवाणू औषधाला सरावत नाही. तुमच्या सासऱ्यांच्या पोटातल्या जिवाणूनं ते औषध कधी पाहिलंही नसेल. ती विद्या त्याला आयती मिळाली असणार, दुसऱ्या जिवाणूकडून.

जिवाणूच्या पेशीत एक मोठं गुणसूत्र असतं. ई. कोलायचं डीएनएच्या सुमारे ४६ लाख अक्षरांचं, दोन्ही टोकं जुळलेलं कडं. त्याला न जोडलेली, डीएनएचीच लहान कडी त्याच्या शेजारी असू शकतात. ते प्लाझ्मिड. हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये दिलं. मी वर्गात सांगायचे की गुणसूत्र हा घरमालक आणि प्लाझ्मिड हे त्याच्या एका खोलीतलं बिऱ्हाड. चूल वेगळी, पाणी आणि वीज मात्र मालकाची. आपली प्रत कधी काढायची हे बिऱ्हाड स्वतः ठरवतं, पण प्रत काढायची बरीचशी यंत्रं मालकाचीच वापरतं. बिऱ्हाडाच्या ट्रंकेत काय असेल याचा नेम नाही. काहींच्या ट्रंकेत मालकाच्या उपयोगाचं काहीच नसतं, काहींच्या ट्रंकेत औषध फोडून टाकणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, बनवायची जनुकं असतात.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट लक्षात आली ती जपानमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं रक्ती हगवणीवर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन ही औषधं वापरात होती. १९५० च्या दशकात हगवणीचे शिगेला जिवाणू या चारही औषधांना एकदमच दाद देईनासे झाले. एकेका औषधाविरुद्धचा बदल आपोआप घडणं दुर्मिळ असतं. चार बदल एकाच जिवाणूत, एकाच सुमारास? हिशेब बसेना. त्यातून त्याच रुग्णांच्या पोटातला साधा ई. कोलायही त्याच चार औषधांना पुरून उरत होता. १९५९ मध्ये ओचिआई आणि आकिबा यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे प्रयोग केले. न दबणारा ई. कोलाय आणि बिचारा दबणारा शिगेला एकत्र वाढवला, तर थोड्या वेळानं शिगेलाही चारही औषधांत तगू लागला. दोन जिवाणू दोन वेगळ्या नावांचे आहेत, हे लक्षात घ्या. ट्रंक जातीबाहेरही जाते. पुढे १९६३ मध्ये त्सुतोमू वातानाबे यांनी हे सगळं काम इंग्रजीतून मांडलं तेव्हा बाहेरच्या जगाचे डोळे उघडले.

आता ही ट्रंक जाते कशी ते सांगते. आमचे आजोबा अंबाडीचं दोन पदरी चऱ्हाट वळायचे. डीएनए तसाच दोन पदरी असतो. देणाऱ्या पेशीतून केसाहून कितीतरी बारीक धागा बाहेर येतो, शेजाऱ्याला चिकटतो आणि आखडतो, म्हणजे दोघं अंगाला अंग लावून येतात. मग एक विकर प्लाझ्मिडच्या ठरलेल्या जागी दोन पदरांपैकी एकच पदर कापतं आणि कापलेलं टोक धरून ठेवतं. तो पदर उलगडत उलगडत शेजाऱ्याच्या पेशीत सरकतो. इकडे राहिलेल्या पदराला इकडे नवा जोडीदार वळला जातो, तिकडे गेलेल्याला तिकडे. शेवटी दोन्हीकडे पूर्ण कडं. देणाऱ्याचं काही कमी होत नाही आणि घेणारा थोड्याच वेळात पुढच्याला द्यायला मोकळा होतो. एफ नावाचा प्लाझ्मिड सुमारे एक लाख अक्षरांचा आहे, त्याला पलीकडे जायला दोनेक मिनिटं पुरतात. अख्खं गुणसूत्र न्यायचं तर शंभर मिनिटं हवीत आणि तेवढा वेळ जोडी सहसा टिकत नाही. लहान असण्याचा फायदा तो हा.

सगळ्याच प्लाझ्मिडना हा धागा विणता येत नाही. काही नुसते दारात उभे असतात आणि दुसऱ्यानं पूल बांधला की त्यावरून पलीकडे जातात. एसटीत अशी मंडळी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत काय झालं असावं? कुणीतरी कुठंतरी औषध घेतलं, किंवा कोंबडीला दिलं. त्या पोटात ट्रंकवाले तगले, बाकीचे मेले. तगलेले संडासातून नाल्यात, नाल्यातून पाण्यात, हातावरून ताटात आले. सासऱ्यांचा दोष शून्य. आणि आठ 'आर' म्हणजे आठ वेगळी संकटं असंही नाही. पुष्कळदा तीन-चार औषधांविरुद्धची जनुकं एकाच प्लाझ्मिडवर ओळीनं बसलेली असतात, एका दाव्याला बांधलेल्या म्हशींसारखी. त्यातल्या कुठल्याही एका औषधाचा मारा झाला की सगळ्या म्हशी जगवल्या जातात. मात्र प्रत्येक 'आर' प्लाझ्मिडचा नसतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढचा 'आर' बहुधा जिवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्रातल्या बदलाचा असतो.

रिपोर्टच्या तळाशी 'ईएसबीएल पॉझिटिव्ह' (म्हणजे पेनिसिलिनच्या मोठ्या कुळातली बरीच औषधं फोडणारं विकर आहे) असं लिहिलं असेल तर तेही बघून ठेवा. आपल्याकडे त्यामागे फार वेळा सीटीएक्स-एम या कुळातलं जनुक असतं. ते मूळचं क्लुयव्हेरा नावाच्या एका गरीब, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या जिवाणूच्या गुणसूत्रातलं. तिथून ते उडी मारून प्लाझ्मिडवर बसलं आणि मग जगभर फिरलं. वर्तमानपत्रवाले याला 'सुपरबग' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. बग तोच आहे, ट्रंक भारी आहे.

उरलेल्या तीन औषधांतून डॉक्टर निवड करतील. जळजळ, ताप असं काहीच नसेल, तर नुसत्या रिपोर्टवर औषध द्यायचं का, हेही त्यांना विचारा. म्हातारपणी लघवीत जंतू नुसतेच असू शकतात, त्रास न देता.

अंबाजोगाईचा बी.एस्सी.चा विद्यार्थी : बाई, जिवाणू वीस मिनिटांत दुभंगतो. एवढ्या घाईत प्लाझ्मिड एखाद्या पेशीत यायचा राहून कसा जात नाही? आणि जिवाणूला तो आवश्यक नाही असं पुस्तकात आहे, मग तो टिकतो तरी का?

राहतो की. माझा राहिला होता.

१९९६ ची प्रॅक्टिकल परीक्षा. बाहेरचे परीक्षक आलेले. पीबीआर ३२२ हा प्लाझ्मिड असलेला ई. कोलाय मी वर्षभर सांभाळला होता. ४३६१ अक्षरांचं कडं, ट्रंकेत अँपिसिलिन आणि टेट्रासायक्लिनविरुद्धची जनुकं. मुलांनी तो अँपिसिलिनच्या प्लेटवर रेघायचा आणि दुसऱ्या दिवशी वाढ दाखवायची, एवढं सोपं. दुसऱ्या दिवशी प्लेटा उघडल्या तर कोऱ्या. बाविसाच्या बावीस. परीक्षकांनी माझ्याकडे बघून चहा मागवला.

झालं असं होतं की अँपिसिलिनला पैसे मंजूर नव्हते, म्हणून मी ते कल्चर दर महिन्याला औषध नसलेल्या साध्या अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) पुढे नेत राहिले. औषधाचा धाक नाही म्हटल्यावर ज्या पेशींत प्लाझ्मिड राहून गेला त्या मेल्या नाहीत. उलट बिऱ्हाडाचा खर्च वाचल्यामुळे जरा जास्तच वेगानं वाढल्या. महिन्यामागून महिने हेच चाललं आणि शेवटी मी सुईनं उचललं ते सगळं रिकाम्या घरांचं.

आता गणित. एका पेशीत प्लाझ्मिडच्या २० प्रती आहेत आणि दुभंगताना त्या नशिबावर वाटल्या जातात असं धर. एखाद्या लेकीच्या वाट्याला एकही न येण्याची शक्यता सव्वापाच लाखांत एक. (दोनाचा एकोणिसावा घात करून बघ.) फार नाही. पण ही कडी एकमेकांना जोडली जाऊन साखळ्या होतात. विसांच्या पाच साखळ्या झाल्या तर वाटणीला वीस नग उरत नाहीत, पाचच गठ्ठे उरतात, आणि शक्यता सोळात एक होते! रानटी कोलई-१ प्लाझ्मिडवर साखळी सोडवायची जागा असते, तिथं मालकाचं विकर येऊन कडी सुटी करतं. पीबीआर ३२२ प्रयोगशाळेत कापून-शिवून केलेला, त्यात ती जागा राहिलेली नाही. बिचारा आटोपशीर आहे, संसाराला कच्चा.

प्रती वीसच का, दोनशे का नाहीत? आमच्या गच्चीवरच्या टाकीत चेंडू आहे. टँकरचं पाणी वर चढलं की तो उचलला जातो आणि नळ बंद होतो. या प्लाझ्मिडमध्ये चेंडूचं काम एक छोटा आरएनए (डीएनएवरून उतरवलेली एकपदरी नक्कल) करतो. प्लाझ्मिडच्या जितक्या प्रती, तितका तो जास्त तयार होतो आणि नव्या प्रतीची सुरुवात करणाऱ्या दुसऱ्या आरएनएला जाऊन चिकटतो. सुरुवातच अडते. प्रती घटल्या की अडसर घटतो. वर्गात हे फळ्यावर काढताना मी दरवर्षी कुठला आरएनए एक आणि कुठला दोन याची गल्लत करायचे. अडवणारा तो एक.

एफ किंवा आर-१ सारख्या मोठ्या प्लाझ्मिडच्या तर एक-दोनच प्रती असतात. त्यांना नशिबावर राहून चालत नाही. आर-१ ची रीत बघण्यासारखी आहे. पारएम नावाच्या प्रथिनाचा दांडा दोन प्रतींच्या मधोमध वाढत जातो आणि एकीला या टोकाला, दुसरीला त्या टोकाला रेटतो. पेशी मधोमध चिरली जाते तेव्हा दोन्ही बाजूंना एकेक प्रत हजर असते.

आणि एवढं करूनही एखाद्या लेकीला प्रत मिळाली नाही तर? मग एफ प्लाझ्मिड तिला मारतो. अतिशयोक्ती करत नाही. त्याच्यावर शेजारी शेजारी दोन जनुकं आहेत. एक विष बनवतं, दुसरं उतारा. विष टिकाऊ, उतारा नाशवंत, म्हणून उतारा सतत ताजा करत राहावा लागतो. बिऱ्हाड घरात आहे तोवर दोन्ही चालू, काही बिघडत नाही. बिऱ्हाड सुटलं की आधीचा उतारा संपतो, नवा येत नाही, आणि मागे राहिलेलं विष त्या पेशीच्या डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या गायरेज या विकरात पाचर मारून बसतं. हे १९८३ मध्ये जपानमधल्याच ओगुरा आणि हिरागा यांनी दाखवलं. गंमत म्हणजे सिप्रोफ्लॉक्सॅसिनही याच गायरेजला धरतं. आपण कारखान्यात जे केलं ते प्लाझ्मिड आधीपासून करत होता.

तर तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आलं. जिवाणूला प्लाझ्मिड आवश्यक नसतो, पण प्लाझ्मिडला जिवाणू आवश्यक असतो, आणि न सुटण्याची सोय प्लाझ्मिड स्वतः करतो. म्हणून 'औषध वापरणं थांबवलं की प्रतिकार आपोआप ओसरेल' हे विधान परीक्षेत लिहू नकोस. कधी ओसरतो, कधी ओसरत नाही. पुष्कळदा काही पिढ्यांत मालकाच्या किंवा बिऱ्हाडाच्या जनुकांत असा बदल होतो की खर्चही वाटेनासा होतो.

मानवतचे कापूस उत्पादक : म्याडम, बीटीच्या सरकीत जिवाणू असतो का? अन् बोंडअळीला बीटी लागू पडंना, ती पण जिवाणूसारखी एकमेकीला शिकविते का?

नाही, दादा. सरकीत जिवाणू नसतो. त्याचं एक जनुक असतं आणि ते कापसाच्या गुणसूत्रात कायमचं शिवलेलं असतं. पण तुमच्या सरकीच्या पूर्वजांत प्लाझ्मिड दोनदा येऊन गेला आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, हा मातीतला जिवाणू अळीला मारणारा स्फटिक बनवतो, आणि त्या स्फटिकाची जनुकं बहुधा त्याच्या मोठ्या प्लाझ्मिडवर असतात. प्लाझ्मिड गेला तर तो त्याच्या सिरियस या भाऊबंदापासून ओळखूही येत नाही. उलट १९८२ मध्ये गोन्झालेझ आणि कार्ल्टन यांच्या गटानं दाखवलं की बीटीजवळचा प्लाझ्मिड सिरियसमध्ये गेला की सिरियसही स्फटिक करू लागतो.

दुसरा प्लाझ्मिड अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा. द्राक्षाच्या, गुलाबाच्या बुडाशी गाठी आणणारा जिवाणू. गाठीचं मूळ त्याच्या टीआय नावाच्या मोठ्या प्लाझ्मिडात आहे, हे बेल्जियममधल्या गेंट इथं १९७४ मध्ये कळलं. हा पठ्ठ्या प्लाझ्मिडचा एक तुकडा थेट झाडाच्या पेशीत सोडतो, आणि त्यासाठी जे नळकांडं वापरतो ते जिवाणू-जिवाणूंमधल्या देवाणघेवाणीच्याच नळकांड्याचं भावंड. वर गंगाखेडच्या ताईंना सांगितला तोच प्रकार, फक्त पलीकडे झाड. शास्त्रज्ञांनी गाठीची जनुकं काढून त्या जागी बीटीचं ठेवलं. २००२ मध्ये भारतात परवानगी मिळालेलं पहिलं बीटी वाण या वाटेनंच आलेलं होतं.

बोंडअळीचं वेगळं आहे. तिचा प्रतिकार तिच्या स्वतःच्या जनुकांतल्या बदलाचा, तो आई-बापाकडूनच पिल्लांकडे जातो. शेजारणीकडून मिळत नाही. म्हणून तर पूर्वी कडेनं बिगरबीटी ओळी लावायला सांगायचे. तिथं वाढलेल्या साध्या पतंगांशी जोड लागली की प्रतिकाराची जनुकं पातळ होत राहतात. त्यासाठीची बिगरबीटी पुडी तेव्हा वेगळी मिळायची, ती बांधावर फेकायची नव्हती.

उमरग्याच्या एक गृहिणी : दह्याचं पाकिटातलं कल्चर आणलं. पहिलं दही सुरेख लागलं. त्याचंच विरजण लावत गेले तर आठ-दहा वेळांनंतर दूध लागायलाच उशीर होऊ लागला. यातही प्लाझ्मिड?

असू शकतं! दह्या-ताकातला लॅक्टोकोकस दुधातली साखर खातो आणि आम्ल सोडतो, म्हणून दूध आंबतं. पुष्कळ वाणांत ही साखर खाण्याची जनुकं प्लाझ्मिडवर असतात, दुधातलं प्रथिन तोडायचीही. ती गेली की जिवाणू जिवंत राहतो पण आळशी होतो. पण बाई, सगळं खापर त्याच्यावर फोडू नका. पाकिटात दोन-तीन जाती ठरावीक प्रमाणात मिसळलेल्या असतात, त्यांचं प्रमाण घरी बिघडतं. जिवाणूंना खाणारे विषाणूही विरजणात शिरतात. दूध फार गरम असताना विरजण घातलं तरी हेच होतं. शेजारणीकडून वाटीभर आणा. तिच्या विरजणात दहा प्रकारची मंडळी नांदत असतात, एक आळसावला तर दुसरा काम करतो. माझ्या सासूबाई पाकिटाला हसायच्या, ते अगदीच चुकीचं नव्हतं.

नांदेडचे एक शिक्षक : एका जिवाणूत हवे तेवढे प्लाझ्मिड मावतात का?

वेगवेगळ्या घराण्यांचे असतील तर चार-पाचही नांदतात. एकाच घराण्याचे दोन असले की टाकी एक आणि चेंडू दोघांचा एकच. कुणाच्या प्रती किती, याचा हिशेब मिसळतो आणि काही पिढ्यांत एक हद्दपार होतो. वीरभूमच्या सैंथियात जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती अमेरिकेत तेल खाणारा स्यूडोमोनास हा जिवाणू घडवत होते तेव्हा त्यांना हेच आडवं आलं. कापूर पचवणारा आणि ऑक्टेन पचवणारा हे दोन प्लाझ्मिड एका पेशीत राहीनात. त्यांनी अतिनील किरण मारून दोघांचा सांधा जोडला आणि एकच बिऱ्हाड केलं. त्याच जिवाणूच्या पेटंटचा खटला १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी ते जिंकले.

औशाहून पोल्ट्रीवाले : कोलिस्टिन कोंबड्यांना बंद का केलं? वजन चांगलं यायचं.

कोलिस्टिन हे माणसाच्या दवाखान्यातलं अगदी शेवटचं हत्यार. जिवाणूच्या बाहेरच्या आवरणाला चिकटून ते फोडतं. २०१५ पर्यंत त्याविरुद्धचा प्रतिकार गुणसूत्रातल्या बदलानं येतो, म्हणजे फक्त आईकडून लेकीकडे जातो, असंच दिसलं होतं. त्या वर्षी चीनमध्ये डुकरं, मांस आणि रुग्ण, तिन्हीकडच्या जिवाणूंत एमसीआर-१ हे जनुक सापडलं, तेही प्लाझ्मिडवर. ते आवरणाचा रंगढंग असा बदलतं की औषध चिकटतच नाही. ट्रंकेत गेलं म्हणजे आता ते कुठल्याही घरात जाणार. भारतात जुलै २०१९ पासून खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांकरता, कोंबड्यांकरता आणि खाद्यात घालण्याकरता कोलिस्टिनची विक्री बंद आहे. तरी जुना माल कुणी 'ग्रोथचं पावडर' म्हणून खपवतो असं तुम्हीच पत्रात लिहिलंय. पोतं उसवण्याआधी लेबल वाचा. अक्षर मोहरीएवढं असतं, चष्मा लावूनच बसा.